आधी पाणी, मग मजला

बीडकरहो,

या चळवळीला अजून नाव ठेवलेलं नाही. नावं ठेवायला आपल्या गावात माणसं कमी नाहीत, तेव्हा ते काम आपसूक होईल. झेंडा नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. एक म्हणणं आहे आणि ते मथळ्यातल्या चार शब्दांत आलं आहे. पुढचा सगळा मजकूर त्याचा खुलासा.

बार्शी नाक्याकडून निघा, नगर रोडला जा, जालना रोडने बायपासपर्यंत या, नाहीतर पांगरी रोडला वळा. काही वर्षांमागे जिथे ज्वारी, तूर, नाहीतर नुसतं पडीक होतं, तिथे आता पत्र्याचं कुंपण आहे आणि कुंपणावर चित्र. चित्रात बारा मजले, खाली हिरवळ, हिरवळीवर न थकता हसणारं एक कुटुंब, कोपऱ्यात निळाशार पोहण्याचा तलाव. ज्या शहरात नळ आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी येतो आणि आला की गल्लीभर ‘आलं, आलं’ अशी हाळी उठते, त्या शहराच्या वेशीवर पोहण्याचा तलाव! नावंही पाहण्यासारखी. कुणाच्या नावात नदी, कुणाच्या नावात सरोवर. आपल्या बिंदुसरा नदीला वाचता येत नाही हे बरं.

आम्ही या इमारतींचे शत्रू नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण तसा बोभाटा होणारच आहे. आमच्यातल्या निम्म्यांनी असे फ्लॅट घेतले आहेत किंवा बुक केले आहेत. एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांनी ग्रॅच्युइटीची रक्कम पाचव्या मजल्यावर ठेवली. एक नर्सबाई आहेत. मोंढ्यात हमाली करून दोन लेकरं शिकवलेले एक आबा आहेत. एक जुने तलाठी, दोन डिप्लोमा झालेले इंजिनिअर, एक प्लंबर (हा सगळ्यांत कामाचा माणूस), वडवणीकडचं एक ऊसतोड जोडपं, ज्याचा मुलगा इथे शिकतो म्हणून त्यांना दोन खोल्या हव्यात. आणि एक शेतकरी. त्यांच्या वावराच्या बांधाला लागून सात मजले उभे राहिले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांची विहीर बसली. ही विहीर कशामुळे बसली हे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही. ते मोजायला कुणी आलंच नाही, हे मात्र ठामपणे सांगू शकतो.

शहर वर जावं, याच्या बाजूनेही बोलायला हवं. बीड आडवं पसरतंय ते काळ्या रानावर. गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनी, बॉण्डवर घेतलेले प्लॉट, रस्ता म्हणावा तर बैलगाडी अडेल अशी वाट, दिव्याचा खांब एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला. २००१ साली राज्याला गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि पुढे त्याची मुदत २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली, त्यावरूनच हे दुखणं किती जुनं आहे ते कळतं. पन्नास कुटुंबं पाच एकरांत विखुरण्याऐवजी वीस गुंठ्यांत नीट राहिली, तर जमीन वाचते, रस्ता वाचतो, वायर वाचते. आम्हाला हे मान्य आहे. फक्त एक गोष्ट उभं राहून वाचत नाही. माणूस तळमजल्यावर राहो की बाराव्या, त्याची तहान तेवढीच असते.

आता हिशेब. हा आम्ही चहाच्या टपरीवर बिलाच्या मागे केला, कुणीही करू शकतो. बारा मजले, मजल्यावर चार घरं, म्हणजे अठ्ठेचाळीस. घरात पाच माणसं धरा, दोनशे चाळीस. शहरी पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. गुणाकार ३२,४०० लिटरवर येतो. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज पावणेतीन टँकर. एकट्या मे महिन्याचे दहा लाख लिटर. एका इमारतीचे.

यावर बिल्डरचं उत्तर तयार असतं : रेन वॉटर हार्वेस्टिंग. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवर ते सक्तीचंही आहे. चांगली गोष्ट. पण त्याचाही गुणाकार करून पाहू. बीड जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. चार घरांच्या मजल्याचं छत साधारण साडेचारशे चौरस मीटर. एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं, तरी त्या छतावर वर्षभरात तीन लाख लिटरला थोडं कमी पाणी पडतं. त्याच छताखाली एकच मजला असता, वीस माणसं असती, तर हे पाणी साडेतीन महिने पुरलं असतं. बारा मजल्यांना ते नऊ दिवस पुरतं. छत तेवढंच राहिलं, ढग तेवढेच राहिले, माणसं बारा पट झाली. म्हणून उंच इमारतीला पाण्याचं उत्तर तिच्या स्वतःच्या अंगणात सापडत नाही. ते शहराने द्यायचं असतं, आणि शहराकडे आहे का, हे परवानगीच्या आधी विचारायचं असतं, पझेशनची मिठाई वाटल्यावर नव्हे.

शहराकडे काय आहे? माजलगाव धरण आणि पालीचा बिंदुसरा प्रकल्प. २०१६ चा उन्हाळा आठवा. माजलगावचा साठा मृत पातळीच्या खाली गेला होता. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, आणि त्यावर तगणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा आपल्याकडे रेल्वेही नव्हती. आता आली आहे : १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, नगरहून येणारी गाडी बीडपर्यंत धावू लागली. आम्हालाही आनंद झाला, आमच्यातलेच दोघे-तिघे गुलाल खेळून आले. पण त्या गाडीच्या भरवशावर ‘स्टेशनपासून अमुक मिनिटं’ म्हणून मजले विकणाऱ्यांना आम्ही एवढंच विचारतो, की पुढच्या २०१६ ला तीच गाडी पाण्याची वाघीण ओढत आली तर किती मिनिटं लागतील तेही फलकावर छापाल का?

मग उरतो बोअर. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो पाणी धरतो वरच्या मुरमात आणि भेगांत, खोल पोटात नाही. दोनशे फुटांवर नाही लागलं म्हणून सहाशे फूट गेलेला माणूस पाण्याकडे जात नसतो, जुगाराकडे जात असतो, आणि जुगारात एकाला लागतं तेव्हा शेजारच्याचं जातं. राज्याच्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन आणलं आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. रात्री अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत घरघरणारी बोअरची गाडी किती फुटांवर थांबते, हे त्या आवाजाने झोप न आलेल्या कुठल्याही बीडकराला विचारा.

शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. लहानपणी सहलीला सगळे गेलो, काठावर उभे राहून खडे टाकून आलो. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानाच्या काळात ती बांधली, आणि बांधणारा म्हणून राजा भास्कराचं नाव सांगतात. तिचं पाणी जमिनीखालच्या नळातून, मोटेवाचून, इंजिनावाचून, नुसत्या उताराने रानात जातं. तलाठीबापू म्हणतात ते आम्हाला पटतं : त्या माणसाने आधी पाण्याची पातळी पाहिली, मग उतार पाहिला, मग किती रान भिजेल ते ठरवलं आणि शेवटी दगड लावला. आपण आधी ब्रोशर छापतो.

पाण्याचा प्रश्न नळापाशी संपत नाही. तो भिंतीच्या आत शिरतो. आमच्यातल्या दोन इंजिनिअरांनी हा परिच्छेद हट्टाने घालायला लावला आणि त्यांचं बरोबर आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला धरणी हादरली, तेव्हा अंबाजोगाई, केजकडची माणसंही अंगणात धावली. लातूर-धाराशिवच्या त्या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंतींखाली, माळवदाखाली. तेव्हापासून मराठवाड्याच्या मनात एक समीकरण घट्ट बसलं : माळवद म्हणजे मरण, स्लॅब म्हणजे जीवदान. ऐपत नसलेल्यांनीही कर्ज काढून स्लॅब टाकले. बिल्डर जो ‘आरसीसी’ शब्द मोठ्या अक्षरांत लिहितो, त्याला आमच्याकडे एवढं वजन आहे ते किल्लारीमुळे.

पण स्लॅब म्हणजे काही देवाचा अंगारा नव्हे. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते ओलं राहून घट्ट होतं. भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा ठेवायला सांगितलं आहे, आणि आपल्यासारख्या उन्हात तर त्याहून जास्त. आता सांगा, मार्च ते जून, टँकर विकत घेऊन चाललेल्या साइटवर कोलमला गोणपाट गुंडाळून दिवसातून तीनदा पाणी कोण मारतं? आम्ही पाहिलं आहे : सकाळी एकदा पाइप फिरवला की झालं. वाळलेला कोलम दिसतो ओल्यासारखाच, प्लास्टर झाल्यावर तर बापालाही कळत नाही. वर ज्या बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही, तेच काँक्रीटमध्ये ओततात आणि आतलं लोखंड गंजायला बसतं. पाण्याच्या टंचाईत बांधलेल्या इमारतीला टंचाई आयुष्यभर पुरते.

महाड आठवतं ना? २४ ऑगस्ट २०२०. तारिक गार्डन नावाची पाच मजली इमारत बसली, १६ माणसं गेली. बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. महाड मुंबई नाही, पुणे नाही. तालुक्याचं गाव. चांगली इमारत आणि वाईट इमारत यांच्यातला फरक ओळखणारी यंत्रणा जिथे मनुष्यबळासाठी नेहमी रडत असते, तसं गाव. म्हणून आमची मागणी आहे, की प्रत्येक स्लॅबच्या काँक्रीटचे ठोकळे तपासल्याचा अहवाल आणि पाणी मारल्याची नोंदवही साइटवर हजर पाहिजे आणि फ्लॅट बुक केलेल्या कुणालाही ती चाळता आली पाहिजे. दुकानातून किलोभर तूर डाळ घेताना आपण मूठभर हातावर घेऊन पाहतो. तीस-चाळीस लाखांच्या मालाला हात लावायचा नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे?

पाणी येण्याइतकंच पाणी जाणंही महत्त्वाचं. शहराबाहेरच्या बऱ्याच वस्त्यांत ड्रेनेजची लाइन नाही. दोनशे चाळीस माणसांचा सेप्टिक टँक भरतो, वाहतो, आणि शेजारचा ओढा हीच गटार होते. बिल्डरच्या नकाशात त्या ओढ्याला ‘नाला’ म्हणतात आणि पुढच्या नकाशात तो दिसतच नाही. २३ जुलै १९८९ ला बिंदुसरेने काय केलं, हे पेठ बीडमधल्या साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवेल. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेनेही जिल्ह्याला आठवण करून दिली. वर्षातले अकरा महिने कोरडी असलेली नदी एका रात्रीत आपली जागा मागायला येते आणि तिच्याकडे खरेदीखत लागत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्ही प्रत्येक बांधकामाच्या फलकावर, प्लॉटच्या नकाशावर, रंगाने दाखवा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निळी आणि लाल सारखीच दिसते, ही युक्ती आम्हाला आता कळली आहे.

आगीबद्दल थोडक्यात. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीत हा कागद कुणी पाहिला आहे का? जिन्याजवळचा लाल पाइप हलवून पाहा, आत पाणी आहे की कोळ्याचं जाळं. आणि शहराच्या अग्निशमन गाडीची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोचते, तो आकडा नगरपालिकेने मुख्य दारावर लिहावा. त्याच्या वरच्या मजल्याला परवानगी देताना मग सही करणाऱ्याचा हात थोडा तरी थांबेल.

पैशाचं बोलू. ऊसतोडीचं जिल्ह्याला सांगायला नको. दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घ्यायची, कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जायचं, कोपीत राहायचं, आणि उचल फिटेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आम्ही सुशिक्षित माणसं त्यांच्याकडे दयेने पाहतो. पण वीस वर्षांचं गृहकर्ज हे दुसरं काय आहे? तेही उचलच. फरक इतकाच, की ऊसतोड कामगाराला माहीत असतं उचल कुणाची घेतली ते. आपण बँकेची उचल घेतो, ती बिल्डरच्या खात्यावर जाते, इमारत चौथ्या मजल्यावर थांबते, आणि हप्ता मात्र थांबत नाही. घरभाडं एक आणि हप्ता एक, असे दोन कोयते.

गेल्या काही वर्षांत पतसंस्थांच्या दारांवर ठेवीदारांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. आयुष्याची पुंजी गोड बोलणाऱ्याच्या हाती कशी जाते, हे बीडला कुणी शिकवायला नको. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. महारेरा १ मे २०१७ पासून आहे. नोंदणी केलेल्या प्रकल्पात खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची आणि ती त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवर वापरायची. ताबा वेळेत दिला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापावाच लागतो. मोबाइल काढा, कोड टिपा, किती मजल्यांची परवानगी आहे आणि फलकावर किती काढलेत ते तिथल्या तिथे दिसेल.

आणि पळवाटही ओळखून घ्या. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असला, किंवा फ्लॅट आठपर्यंतच असले, तर महारेराची नोंदणी लागत नाही. आपल्याकडे शेजारी-शेजारी, एकाच रंगाच्या, एकाच गेटच्या, आठ-आठ फ्लॅटच्या तीन ‘वेगळ्या’ इमारती का दिसतात, याचं कोडं इथे सुटतं. तिळी झालेली भावंडं आहेत ती, फक्त जन्मदाखले वेगवेगळ्या नावांवर काढले आहेत. अशा ठिकाणी फ्लॅट घेऊच नका असं आम्ही म्हणत नाही. परवडतं तेच माणूस घेतो. पण १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा तिथेही हाताशी आहे, नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका, आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय वास्तुशांत करू नका. भटजींना दक्षिणा देऊन झाल्यावर प्रमाणपत्र मागायला गेलेल्यांची आमच्याकडे यादी आहे, यादीत गुरुजीही आहेत.

जमिनीच्या कागदांचं सांगायचं तर बापूंना वेगळी पुस्तिका लिहावी लागेल. आपण निजामाच्या राज्यातून आलो. देवस्थानाची इनामं, दर्ग्या-मशिदींची खिदमतमाश, कुळं, वतनं, हे सगळं सातबाऱ्याच्या तळाशी गाळासारखं बसलेलं असतं. नुसता आजचा सातबारा आणि पीटीआर (मालमत्ता कराचा उतारा) पाहून भागत नाही. १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जा, मूळ नोंद उर्दूत असली तर वाचून घेणारी माणसं बशीरगंजात अजून आहेत. बापू आठवड्यातून एक दिवस मोफत बसायला तयार आहेत. अट एकच, चहा बिनसाखरेचा.

आता एक अवघड गोष्ट, जी इतर जाहीरनाम्यांत दिसत नाही आणि आमच्याही बैठकीत तिच्यावर दोन तास भांडण झालं. फ्लॅट विकताना आडनाव विचारलं जातं. सरळ नाही. ‘पाहुणे कुठले?’ असं विचारतात, मग ‘नॉनव्हेज खाता का?’, मग ‘त्या विंगमध्ये आपलेच लोक आहेत, तुम्हाला करमणार नाही.’ मुसलमानाला बुकिंग फुल असतं, दलिताला पार्किंग शिल्लक नसतं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर ‘हे त्यांचं अपार्टमेंट, ते आपलं’ ही मराठा-वंजारी वाटणीही मजल्या-मजल्यांवर चढली. २०२५ मध्ये बीडच्या पोलिसांनी नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली. पोलिसांना जमलं ते आपल्याला लेटरबॉक्सवर जमायला हरकत नाही. आमच्यात सामील होणारी सोसायटी आडनावाची चौकशी करून घर नाकारणार नाही, हे लिहून देईल. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पाण्यापुरतं आमच्यासोबत यावं, असा मधला मार्ग कुणीतरी सुचवला होता. तो बहुमताने फेटाळला. एकाच टाकीतलं पाणी प्यायचं आहे.

आणि इमारत बांधणारे? ते आमच्याच जिल्ह्याचे, नाहीतर बिहार, छत्तीसगडचे. त्यांच्या पत्र्याच्या खोल्या स्लॅबच्या सावलीत असतात, त्यांची लेकरं वाळूच्या ढिगावर झोपतात. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला कल्याणकारी मंडळात नोंदणीचा हक्क आहे, आणि ते नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो. सोळा फुटांचा फ्लेक्स लावायला पैसे आहेत, हेल्मेटला नाहीत. साइटवर मजुरांसाठी प्यायच्या पाण्याची टाकी आणि संडास दिसला नाही, तर तिथे बुकिंग करायचं नाही, हे आम्ही स्वतःपुरतं ठरवलं आहे. बिल्डरला माणुसकी शिकवण्याची आमची ऐपत नाही. गिऱ्हाईक म्हणून पाठ फिरवण्याची आहे.

तर मग करायचं काय? आम्ही नगरपालिकेकडे मागतो तो एक दाखला. त्याला पाणी-दाखला म्हणा. चार मजल्यांच्या वर जाणाऱ्या प्रत्येक इमारतीला, बांधकाम परवानगीच्या आधी, पाणी कुठून, रोज किती लिटर, मे महिन्यात किती, आणि सांडपाणी कुठे, हे लिहिलेला आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचा कागद. ‘पाणीपुरवठा उपलब्ध होईपर्यंत विकासक व्यवस्था करील’ हे वाक्य त्यात चालणार नाही. पुण्याला वाघोलीकडे राहणाऱ्या आमच्या लेकरांना विचारा त्या वाक्याची किंमत, ती दरमहा टँकरच्या बिलात भरतात. हा दाखला प्लॉटवर सहा फुटी फलकावर मराठीत आणि उर्दूत लावायचा, ओटा झाडणाऱ्या मावशीलाही वाचता येईल अशा अक्षरात.

हे वेडगळ मागणं नाही. २०१७ मध्ये ठाण्याच्या घोडबंदर रोडवर प्यायला पाणी पुरत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना रोखलं होतं. तिथे जे इमारतींचं जंगल उभं राहिल्यावर झालं, ते इथे जंगल उगवण्याआधी व्हावं, इतकंच आमचं मागणं. आमच्यासाठी औरंगाबाद खंडपीठाचं दार आहेच, पण ते शेवटचं. त्याआधी सोपी कामं आहेत. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. आजवर ते तीस दिवस फक्त ज्यांची जमीन आरक्षणात जाते तेच वापरत आले. पुढच्या वेळी आम्ही गल्लीगल्लीतून हरकती लिहून देऊ, एकसारखा छापील मजकूर न वापरता, जो तो आपल्या नळाचं सांगेल. माहितीच्या अधिकारात प्रत्येक नव्या परवानगीची फाइल मागू. आणि आमचा प्लंबर एक वही घालतो आहे : कुठल्या इमारतीला किती बोअर, किती खोल, कुठला कधी आटला, महिन्याला किती टँकर. सरकारी आकडेवारी येईल तेव्हा येईल.

बिल्डरांनाही बोलावणं आहे. त्यांच्यातही चोख माणसं आहेत, आणि स्वस्तात फसवणाऱ्यांमुळे सगळ्यांत जास्त मार त्यांनाच बसतो. ज्याच्याकडे पाण्याचा खरा हिशेब आहे त्याचा फलक आम्ही स्वतः चौकात धरून उभे राहू, दलाली न घेता.

पहिली जाहीर बैठक अक्षय तृतीयेला. मुद्दाम तो दिवस निवडला आहे. त्या दिवशी साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून बुकिंगच्या ऑफर असतात, कोयता घेऊन गेलेली माणसं तोवर गावी परतलेली असतात, आणि धरणातलं पाणी तळाला टेकायला लागलेलं असतं. जागा खजाना विहिरीच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत जिथे बसता येईल तिथे. सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. मंडप नाही, माइक नाही. करारनामा, सातबारा, पीटीआर, टँकरच्या पावत्या, लाइट बिल, जो काही कागद घरात असेल तो घेऊन या. लेकरांना आणलंत तर काठापासून लांब ठेवा.

आणि प्यायचं पाणी आपापलं आणा.